फायबर जातं, पण राउटर सिमवर जातच नाही

दुकानात नेटच्या दोन लाइनी आहेत. एक फायबरची, दुसरी सिमकार्ड टाकायच्या फोर-जी डब्याची. राउटरमध्ये फायबर पहिलं आणि सिम बॅकअप, असं लावून दिलेलं आहे. फायबर गेलं की काम आपोआप सिमवर सरकायला पाहिजे. सरकत नाही. राउटरचे सारे दिवे हिरवे, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं नेटचं चिन्ह ठणठणीत, आणि साइट एकही उघडत नाही. मग कोणीतरी स्टुलावर चढून राउटरमधली फायबरची वायर उपटतं. लगेच सिमचं नेट धावायला लागतं. फायबर परत आलं की पुन्हा स्टूल, पुन्हा वायर.

ही तक्रार ओळखीची वाटत असेल तर पुढचं वाचा. नेट हळू चालणं, मागच्या खोलीत वायफाय न पोचणं हे वेगळे आजार आहेत. त्यांची औषधं इथं नाहीत.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, आणि पावसाळ्यात पीक विमा. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा पहिल्यांदा आला तेव्हा अर्जाची मुदत 31 जुलै होती, नंतर ती 3 ऑगस्टपर्यंत वाढली. त्या आठवड्यात दुकानापुढं चपलांचा ढीग होता आणि आत ओल्या छत्र्यांचं पाणी. रस्त्याच्या कडेला नालीचं काम सुरू होतं. दुपारी जेसीबीचा दात कुठंतरी केबलला लागला. एक काका पासबुक हातात धरून खुर्चीवर बसलेले. "काऊन जी, नेट चालून नाही राहिलं का?" मी दिवे दाखवले. "काका, दिवे तर सारे हिरवे आहेत." काका म्हणाले, "मंग त्या दिव्यालेच भर म्हणा फारम."

पाऊण तासानं माझ्या डोक्यात वायर उपटायचं आलं. तोवर दोघं-तिघं दुसऱ्या गावच्या केंद्रावर निघून गेले होते.

राग एवढ्याचाच आला की हा बॅकअप बसवणाऱ्यानं माझ्यासमोर तपासून दिला होता. त्यानं राउटरमधली फायबरची वायर काढली, मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला, "पाहा, चालून राहिलं" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. तपासणी खरी होती. पण आपल्याकडं फायबर तसं जात नाही. राउटर आणि भिंतीवरचा पांढरा डबा यांच्यातली हातभर वायर कधीच तुटत नाही. तुटतं ते त्या डब्याच्या पुढं: गावाबाहेरच्या खांबावर वानरं लोंबकळतात तिथं, नाहीतर तालुक्याच्या रस्त्यावर खोदकाम चालतं तिथं.

राउटर नेमकं काय पाहतो

त्या पांढऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. बाहेरून येणारा प्रकाश तो आत घेतो आणि साध्या नेटवर्क केबलनं राउटरला देतो. बाहेर केबल तुटली तरी ओएनटीला वीज असतेच. तो आणि राउटर यांच्यातली लिंक जिवंत राहते. बहुतेक ठिकाणी ओएनटी स्वतःच छोट्या राउटरसारखा वागतो आणि आपल्या राउटरला 192.168.1 नं सुरू होणारा पत्ता देतो. बाहेर जग बुडालं तरी तो पत्ता तसाच राहतो. राउटरच्या दृष्टीनं वायर जोडलेली आहे, पत्ता मिळालेला आहे, समोरचा 192.168.1.1 हाकेला ओ देतो आहे. त्यानं सिमवर का जावं?

मोटरपंपाचं तसंच असतं. स्टार्टरचा दिवा लागला, मोटर घुमते आहे, म्हणून पाटात पाणी आलं असं कोणी शेतकरी धरत नाही. तो बांधावर जाऊन पाहतो. आपला राउटर मात्र स्टार्टरपाशीच उभा असतो. त्याला बांधावर पाठवायचं, म्हणजे फायबरच्या वाटेनं इंटरनेटवरच्या एखाद्या लांबच्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करायला, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारायला लावायचं. उत्तर आलं नाही तरच फायबर गेलं असं त्यानं मानायचं. बाकी सगळी खटपट या एका गोष्टीभोवती आहे.

वायर उपटायच्या आधी दोन मिनिटं

पुढच्या वेळी नेट गेलं की लगेच स्टुलावर चढू नका. आधी ओएनटीचे दिवे पाहा. एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही. तोडफोड तुमच्या गावाच्या बाजूला आहे. पीओएन नावाचा दिवा हिरवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर तुमच्यापासून कंपनीच्या गावाकडच्या मशीनपर्यंतचं फायबर ठीक आहे, त्याच्या मागं काहीतरी गेलं आहे. हा दुसरा प्रकार जास्त फसवतो, कारण तेव्हा एकही दिवा लाल नसतो.

मग कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून क्रमानं पिंग करा. आधी आपला राउटर, मग ओएनटी, मग 8.8.8.8, आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. पहिले दोन बोलतात आणि तिसरा गप्प, म्हणजे वर सांगितलेला आजार. तिसरा बोलतो आणि फक्त नाव चालत नाही, म्हणजे डीएनएसचा, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सोयीचा, घोटाळा. त्याच्यावर पुढं येतो, कारण त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

तपासणीसुद्धा खऱ्यासारखी करायला पाहिजे. ओएनटीतून हिरव्या टोकाची फायबर काढता येते, पण मी तसं करा म्हणणार नाही. त्या टोकाला धुळीचा कण किंवा बोट लागलं तरी सिग्नल पडतो. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोक वाकून टोकात पाहतात, तेही करू नये. माझी युक्ती साधी आहे. घरात पडलेला जुना पाच पोर्टचा स्विच ओएनटी आणि राउटरच्या मध्ये लावला. तपासणीच्या वेळी स्विच आणि ओएनटीमधली वायर काढतो. राउटरची वायर स्विचमध्ये खोचलेलीच असते, त्यामुळं राउटरला लिंक जिवंत दिसते आणि पलीकडं काही नसतं. अगदी जेसीबीनं तोडल्यासारखं. ज्यांचा बॅकअप "चालतो" त्यांनी हे एकदा करून पाहावं.

लावणी

माझ्याकडं माइक्रोटिकचा पाच पोर्टचा छोटा राउटर आहे, त्यावर राउटरओएसची सातवी आवृत्ती. फायबर पहिल्या पोर्टात, सिमचा डबा दुसऱ्या पोर्टात. दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर मेनूची नावं बदलतील, मुद्दे तेच राहतील. त्याबद्दल शेवटाकडं थोडं लिहिलं आहे.

पहिली अडचण दुसऱ्या पोर्टाचीच. मूळ मांडणीत पहिला पोर्ट सोडून बाकीचे सगळे पोर्ट एका ब्रिजमध्ये, म्हणजे घरातल्या बाजूला असतात. सिमचा डबा नुसता तिथं खोचला तर तो बॅकअप न होता घरातला आणखी एक पत्तेवाटप्या होऊन बसतो, आणि अर्धे कॉम्प्युटर त्याच्याकडून पत्ता घेतात. दुसरा पोर्ट ब्रिजमधून काढा, त्यावर डीएचसीपी क्लायंट (समोरच्या डब्याकडून पत्ता मागून घेणारा) लावा आणि इंटरफेस लिस्टमध्ये त्याला वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या यादीत टाका. यादीत टाकायचं विसरलात तर मास्करेडचा नियम (घरातल्या पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता लावणारा) त्याला लागू होत नाही. रूट, म्हणजे बाहेर जायची वाट, बदलतो, पण उत्तर परत येत नाही.

दुसरी अडचण पत्त्यांची. ओएनटी 192.168.1.1, आणि सिमचा डबाही कारखान्यातून 192.168.1.1 घेऊनच आलेला. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच गल्ली आणि एकाच नंबरचं घर, तो गोंधळणारच. सिमच्या डब्यात जाऊन त्याचा पत्ता बदला. मी 192.168.50.1 ठेवला.

तिसरी अडचण मला सर्वांत उशिरा सापडली. पहिल्या पोर्टावरचा डीएचसीपी क्लायंट आपणहून एक डिफॉल्ट रूट (नेटकडं जायची नेहमीची वाट) टाकतो, अंतर 1. अंतराचा आकडा लहान त्या रूटचा मान आधी. हा रूट ओएनटी जिवंत आहे तोवर मरत नाही. तुम्ही कितीही शहाणे रूट लावा, हा बावा वर बसून राहतो. त्या क्लायंटमधलं 'ॲड डिफॉल्ट रूट' नाही करा. दुसऱ्या पोर्टाच्या क्लायंटमध्ये ते होय ठेवा, पण अंतर 3 द्या.

आता पहारेकरी, म्हणजे ज्यांना पिंग करून फायबर जिवंत आहे का ते पाहायचं ते लांबचे पत्ते. फायबरच्या वाटेवर मी दोन ठेवले: 8.8.4.4 आणि 9.9.9.9. एकच ठेवला आणि नेमकं त्यानंच पिंगला उत्तर देणं थांबवलं, तर चांगलं फायबर सोडून राउटर सिमवर पळेल. आयपी, मग रूट्स इथं जाऊन आधी या दोन पत्त्यांचे दोन रूट टाकायचे, गेटवे ओएनटीचा 192.168.1.1, स्कोप 10. म्हणजे या दोघांकडं जायचं तर फायबरनंच. मग दोन डिफॉल्ट रूट. पहिल्याचा गेटवे चक्क 8.8.4.4, अंतर 1; दुसऱ्याचा 9.9.9.9, अंतर 2. दोन्हींत टार्गेट स्कोप 11 आणि चेक गेटवे पिंग. राउटर दर दहा सेकंदांनी त्या पत्त्याला हाक मारतो, दोनदा उत्तर नाही आलं की तो रूट बाद. दोन्ही बाद झाले की उरतो तो अंतर 3 चा सिमवाला.

टार्गेट स्कोप 11 हा आकडा सातव्या आवृत्तीसाठी आहे. सहाव्या आवृत्तीच्या जुन्या सूचनांमध्ये 10 लिहिलेला असतो. तो सातव्यात टाकला की रूट लागत नाही आणि निळा पडून राहतो, आणि आपण बाकी सगळं दहादा तपासत बसतो.

ती संध्याकाळ

पहिल्यांदा हे लावलं तेव्हा पहारेकरी म्हणून मी 8.8.8.8 घेतला होता, कारण तोच पाठ आहे. स्विचमधली वायर काढली. वीस-पंचवीस सेकंदांत रूट बदललेला डोळ्यांनी पाहिला. टाळी वाजवायचीच बाकी होती. साइट उघडली तर उघडेना. दुसरी उघडेना. व्हॉट्सॲप मात्र अधूनमधून टुणकन वाजत होतं. 1.1.1.1 ला पिंग केलं, उत्तर छान येत होतं.

बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. मी सिमचा डबा बंद-चालू केला, एपीएन पाहिला, सिम काढून पुसून लावलं. रात्री साडेनऊला लक्षात आलं: राउटरमध्ये डीएनएस म्हणूनही 8.8.8.8 च लिहिलेला होता. आणि मीच राउटरला सांगून ठेवलं होतं की 8.8.8.8 कडं जायचं तर फक्त फायबरनं. फायबर मेलेलं, त्यामुळं साइटचं नाव विचारायला राउटर मेलेल्या वाटेवर जात होता आणि हात हलवत परत येत होता. पिंग चालतं आणि नाव चालत नाही, याचं कारण एवढंच.

म्हणून नियम: ज्याला पहाऱ्यावर बसवलं त्याच्याकडून दुसरं काम घ्यायचं नाही. माझे पहारेकरी 8.8.4.4 आणि 9.9.9.9, डीएनएस 1.1.1.1 आणि 8.8.8.8. कॉम्प्युटरवर कोणी हातानं डीएनएस भरून ठेवला आहे का तेही पाहा. माझ्या एका कॉम्प्युटरवर 8.8.4.4 लिहिलेला निघाला. तो कधी कोणी लिहिला, आजवर कोणी कबूल झालं नाही.

याच डीएनएसचा दुसरा चेहराही आहे. फायबर कंपनी आपल्या डीएनएसचे पत्ते राउटरला देते. असे डीएनएस पुष्कळदा फक्त आपल्याच कंपनीच्या गिऱ्हाइकाला उत्तर देतात. सिमवर गेल्यावर तुम्ही त्यांच्यासाठी परके. दोन्ही पोर्टांच्या डीएचसीपी क्लायंटमध्ये 'यूज पीअर डीएनएस' नाही करून टाका.

गेलं, पण काही गोष्टी अडकून राहतात

रूट बदलला, नवीन साइट उघडतात, पण आधीपासून चालू असलेलं काहीतरी लटकतं. माझ्याकडं कॅमेऱ्याचं रेकॉर्डर असं लटकायचं. राउटर चालू कनेक्शनांची एक वही ठेवतो, आणि त्यात जुन्या वाटेचा पत्ता लिहिलेला असतो. पोर्ट खरोखर बंद पडला तर मास्करेड ती पानं स्वतः फाडतो. इथं पोर्ट चालूच आहे, म्हणून पानं तशीच राहतात. वायर उपटली की सगळं कसं झटक्यात चालायचं, त्याचं एक कारण हेही होतं. उपाय म्हणजे फायरवॉलमधल्या कनेक्शन्स या यादीत जाऊन सगळं निवडायचं आणि पुसायचं. हे आपोआप कसं करायचं ते पुढच्या दुखण्याबरोबरच येतं.

ते दुखणं म्हणजे ये-जा. केबल जोडणारी माणसं खड्ड्यात बसलेली असतात, जोड लावतात, काढतात, परत लावतात. त्या अर्ध्या-एक तासात फायबर पाच-सात वेळा येतं-जातं. चेक गेटवेला एक पिंग परत आलं की तो लगेच फायबर जिवंत धरतो. राउटर फायबरवर उडी मारतो, पुन्हा सिमवर, पुन्हा फायबरवर. प्रत्येक उडीला बाहेरचा पत्ता बदलतो आणि सरकारी पोर्टल लॉगिनच्या पानावर आणून सोडतं. शेतकऱ्याचा गट नंबर, बँकेचा खाते क्रमांक, पिकाचं क्षेत्र सगळं भरून झालं, आता पावती निघणार, आणि पान कोरं. समोरच्या माणसाला काय सांगणार?

मी ठरवलं की जायला आपोआप, यायला हातानं. नेटवॉचमध्ये (माइक्रोटिकचं पत्त्यावर नजर ठेवणारं साधन) 8.8.4.4 टाकला, प्रकार आयसीएमपी निवडला; त्यात एका तपासणीत अनेक पिंग जातात, त्यामुळं एखादं हरवलं म्हणून धावाधाव होत नाही. त्याच्या 'डाउन'च्या खान्यात दोन कामं: फायबरचे दोन्ही डिफॉल्ट रूट डिसेबल करणं आणि कनेक्शनांची वही पुसणं. इथं पहारा एकाच पत्त्याचा आहे, तेवढी जोखीम राहते. 'अप'चा खाना रिकामा. फायबर आल्याचं मला नेटवॉचमध्ये दिसतं. समोरचं काम हातावेगळं झालं, चहाला उठलो, की मोबाइलमधल्या ॲपवरून रूट परत चालू करतो. पूर्ण आपोआप पाहिजे असेल तर शेड्युलरला रात्री नऊला ते चालू करायला सांगा. तेव्हा पोर्टलवर कोणी नसतं.

एक फट राहते ती बुजवा. पहिल्या पोर्टाची वायर खरोखर निघाली, तर 8.8.4.4 चा फायबरवाला रूट नाहीसा होतो, नेटवॉचचं पिंग सिमच्या वाटेनं जातं, उत्तर येतं, आणि तो म्हणतो फायबर छान आहे. त्याच पत्त्याचा आणखी एक रूट ब्लॅकहोल प्रकारचा, अंतर 20, टाकून ठेवा. मग फायबरची वाट नसेल तर त्याचं पिंग कुठंच जात नाही.

दुसऱ्या राउटरवाल्यांसाठी

टीपी-लिंकच्या दोन-वॅनवाल्या राउटरात 'लिंक बॅकअप' नावाचं पान असतं. तेवढं भरून लोक थांबतात. 'ऑनलाइन डिटेक्शन' हे वेगळं पान आहे आणि खरा खेळ तिथं आहे. तिथं 'ऑल्वेज ऑनलाइन' निवडलेलं असेल तर राउटर डोळे मिटून बसला आहे असं समजा. मॅन्युअल करून पिंगसाठी लांबचा पत्ता भरा. ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांना एमवॅन3 मध्ये ट्रॅक आयपी मिळतो, आणि किती वेळा चुकलं की गेलं, किती वेळा जमलं की आलं, हे वेगवेगळं ठरवता येतं. त्यात 'गेलं' तीनवर ठेवा आणि 'आलं' दहा-बारावर. माइक्रोटिकवर मला जे नेटवॉचनं करावं लागलं ते तिथं एका आकड्यात होतं, हे मान्य करायला पाहिजे. आणि ज्या स्वस्त राउटरात पिंगचा पत्ता भरायची जागाच नाही, फक्त 'वायर निघाली तर बॅकअप' एवढंच आहे, त्याच्यावर वेळ घालवू नका. आपल्या कामाचा नाही.

सिमच्या बाजूची कटकट

सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या, हे सगळेच सांगतात. पण तेवढ्यानं भागत नाही. टॉवरलाही मागून केबल लागते, आणि दोन कंपन्यांच्या केबली एकाच रस्त्यानं, कधी एकाच खांबावरून येतात. भारतनेटसारख्या सरकारी योजनेतही आधी ग्रामपंचायती एकामागे एक माळेसारख्या जोडलेल्या होत्या, मध्ये तुटलं की पुढची सगळी गावं अंधारात. 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच रिंगची मांडणी आली. आपण गावात रिंग करू शकत नाही, पण नोंद ठेवू शकतो. मी दोन महिने वहीत लिहिलं: फायबर कधी गेलं, तेव्हा लाइट होती का, कोणत्या सिमला मोबाइलवर नेट होतं. त्यातून कळलं की माझ्या खिशातलं सिम फायबरबरोबरच जातं आणि बायकोच्या मोबाइलमधलं जात नाही. तिच्या कंपनीचं सिम डब्यात गेलं.

डब्याच्या पानावर आरएसआरपी नावाचा, टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आकडा असतो. उणे 85 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 110 च्या खाली असेल तर बॅकअप नावापुरताच. डबा राउटरशेजारीच पाहिजे असं काही नाही. लांब केबल टाकून तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत नेला तर आकडा सुधारतो. पण टिनाच्या पत्र्याखाली नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तापलेला डबा हँग होतो.

सिमवर गेल्यावर सगळं घर त्याच्यावर तुटून पडतं. विंडोजचे अपडेट, कॅमेरे, पोरांचे व्हिडिओ. रोजचे दीड-दोन जीबी तासाभरात उडतात आणि वेग 64 केबीपीएसवर येतो, ज्यात सातबारासुद्धा उतरत नाही. फायरवॉलच्या फॉरवर्डमध्ये एक नियम टाका: दुसऱ्या पोर्टानं बाहेर जायची परवानगी फक्त दुकानातल्या दोन कॉम्प्युटरांना आणि प्रिंटरजवळच्या मोबाइलला; बाकी सगळे अडवा. बाहेरगावाहून कॅमेरे पाहायची सोय सिमवर बहुधा चालणार नाही. डब्याला मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल तर तो कंपनीनं अनेकांत वाटलेला आहे, बाहेरून तुमच्यापर्यंत वाट नाही. त्यात डोकं घालू नका.

लाइट

आपल्याकडं फायबरपेक्षा लाइट जास्त वेळा जाते, आणि लाइट गेली की वरचं सगळं व्यर्थ. घरच्या इन्व्हर्टरला मागं एक बटण असतं, त्यावर यूपीएस मोड निवडा. नाहीतर लाइट जाताना जो क्षणभर खंड पडतो त्यात तिन्ही डबे बंद होऊन चालू होतात.

इन्व्हर्टर नसेल तर 12 व्होल्टचा मिनी यूपीएस चालतो, पण खोक्यावरच्या एमएएचला भुलू नका. 8800 एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला तर साडेबत्तीस वॉट-तास. ओएनटी, राउटर आणि सिमचा डबा मिळून माझ्याकडं 18 वॉटच्या आसपास खातात. कागदावर पावणेदोन तास, खरे दीडच्या आत. माइक्रोटिकच्या खोक्यात 24 व्होल्टचा ॲडॉप्टर आला होता म्हणून मी आधी घाबरलो, पण माझा राउटर 8 ते 30 व्होल्ट घेतो, 12 वर आरामात चालतो. पिनचं भोक मात्र पाहून घ्या. 2.1 आणि 2.5 मिलिमीटर बाहेरून सारखेच दिसतात. माझी पिन सैल होती. ट्रक रस्त्यावरून गेला की राउटर रीस्टार्ट व्हायचा, आणि मी आठवडाभर त्याचं खापर रूटवर फोडत होतो.

2024 पर्यंत पिकाचं नुकसान झालं की विमा कंपनीला 72 तासांत कळवायला लागायचं. अतिवृष्टी झाली की माणसं त्याच्यासाठी यायची, आणि केबलही त्याच रात्री तुटलेली असायची. तशाच एका खेपेला सकाळी आठला सोयाबीन पाण्यात गेलेले सात-आठ जण ओट्यावर बसले होते. एलओएस लाल होता. राउटर रात्रीच कधीतरी सिमवर गेला होता, आणि तरी नेट नव्हतं.

सिमचा 28 दिवसांचा रिचार्ज आदल्या दिवशी संपला होता. ओट्यावरच्या एका पोरानं आपल्या मोबाइलवरून मारून दिला, मी त्याला रोख पैसे दिले. आता पुढच्या रिचार्जची तारीख मार्करनं डब्यावरच लिहितो, आणि त्याच दिवशी दुकान उघडायच्या आधी स्विचमधली वायर काढून पाहतो.